ग्रंथपेटीपासून आंतरजालापर्यंत : विज्ञानशिक्षणाच्या साधनांचा प्रवास



शाळेने चालविलेल्या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना तो शाळेच्या रोजच्या कामाशी निगडित असावा, अशी माझी धारणा आहे. म्हणून विज्ञानशिक्षणाच्या ग्रंथालयांचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. ग्रंथालय हा शब्द येथे मी व्यापक अर्थाने योजतो. कपाटातील पुस्तके तर त्यात आलीच. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणक आणि आंतरजाल यांच्या आधाराने जी डिजिटल ग्रंथालये उभी राहिली, तीही मला त्यात अभिप्रेत आहेत. सावरगावातील विद्यार्थिनीला आज हातातल्या मोबाइलवर विश्वकोशाची नोंद उघडता येते आणि प्रयोगाची चित्रफीतही पाहता येते. एवढे साहित्य तिच्या आजोबांना, किंबहुना त्यांच्या शिक्षकांनाही उपलब्ध नव्हते. असे असता, साहित्याच्या या विपुलतेमुळे तिचे विज्ञानशिक्षण आपोआप समृद्ध होते काय, हा आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. पुस्तक गावापर्यंत पोहोचणे आणि त्यातील ज्ञान गावात रुजणे या दोन घटना वेगळ्या आहेत, असे इतिहास पाहता माझे मत झाले आहे.

आपल्या गावाचे स्थान या इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे हे दोन काठ बाहेरच्या लोकांना ठाऊक असतात. परंतु आपण आणखी दोन टोकांच्या मध्ये वसलेलो आहोत, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पांढुर्ण्याहून जाणारा लोहमार्ग दक्षिणेला नागपूरला आणि उत्तरेला इटारसीला पोहोचतो. इटारसीच्या पुढे नर्मदेच्या काठी होशंगाबाद आहे; २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम असे झाले आहे. मराठीतून ज्ञान शब्दबद्ध करण्याची परंपरा आपल्याला नागपूरच्या दिशेने लाभली. स्वतःच्या हातांनी प्रयोग करून विज्ञान शिकण्याची परंपरा होशंगाबादच्या परिसरात जन्मास आली. या दोन्ही परंपरांचा लाभ आपल्याला पूर्णत्वाने का झाला नाही आणि आता तो कसा होऊ शकेल, हे पाहण्यासाठी प्रथम दोहोंचा परिचय करून घेऊ.

शब्दांची परंपरा

मराठीतून आधुनिक विज्ञान सांगण्याचा उद्योग बाळशास्त्री जांभेकरांइतका जुना आहे. १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू करणाऱ्या बाळशास्त्रींनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले आणि त्यातून भूगोल, विज्ञान व इतिहास हे विषय मराठी वाचकापुढे ठेवले. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे प्रचंड कार्य हाती घेतले. केतकरांचा जन्म १८८४ मध्ये रायपूरचा, म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रांतातला. ज्ञानकोशाच्या कामाचा आरंभ नागपुरात झाला आणि नंतर ते पुण्याला हलले. मराठीतील या पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाची पाळेमुळे आपल्याच जुन्या प्रांतात आहेत, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने आपली पत्रिका, व्याख्याने आणि अधिवेशने यांतून हीच परंपरा पुढे चालविली.

ज्ञान शब्दबद्ध झाले तरी ते खेड्यात न्यायचे कसे, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने शोधले. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबर तेथे फिरती ग्रंथालयेही सुरू झाली. निवडक पुस्तके लाकडी पेटीत भरून ती पेटी गावी पाठवावयाची, ती वाचून झाली की परत मागवून दुसऱ्या गावी धाडावयाची, अशी ही व्यवस्था होती. केवळ पुस्तकांवर भागणार नाही हे ओळखून चित्रे आणि मॅजिक लँटर्न यांच्या साहाय्याने शिकविण्याचा विभागही त्या खात्याने चालविला. आज आपण ज्यास दृक्-श्राव्य साधने म्हणतो, त्यांचे बीज या ग्रंथपेटीच्या कल्पनेत दिसते. मात्र पेटीबरोबर गावात कोणीतरी जबाबदार माणूस असावा लागे. तो पेटी स्वीकारी, पुस्तके वाटी आणि परत गोळा करी. या माणसाची आठवण पुढे ठेवावी. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

एक सीमारेषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याबरोबर सौसर-पांढुर्ण्याचा मराठी भाषक मुलूखही. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी राज्य तेच आहे. कोणत्या राज्यात असणे चांगले, हा आजचा विषय नाही. शिक्षणाच्या साधनांच्या दृष्टीने काय घडले, एवढेच पाहावयाचे आहे. महाराष्ट्रात १९६७ मध्ये 'बालभारती'ची स्थापना झाली आणि विज्ञानाची मराठी पाठ्यपुस्तके तेथील घराघरांत पोहोचली. येथे शालेय शिक्षणाचे मुख्य माध्यम हिंदी झाले. घरी मराठी आणि वर्गात हिंदी असे दुहेरी जीवन येथील मुलांच्या वाट्याला आले.

या दुहेरी जीवनाची अडचण विज्ञानात विशेष जाणवते. मराठीत पदार्थाच्या मूलकणास आपण अणू म्हणतो आणि अणूंच्या संयोगाने बनलेल्या कणास रेणू. हिंदीत पहिल्यास परमाणु म्हणतात आणि दुसऱ्यास अणु. म्हणजे एकच शब्द सीमेच्या दोन बाजूंस दोन निराळ्या वस्तूंचा वाचक आहे. मराठीत सजीवांच्या घटकास पेशी म्हणतात. हिंदी पुस्तकात त्यास कोशिका म्हटलेले असते आणि पेशी हा शब्द स्नायूसाठी येतो. मराठीतील वस्तुमान हिंदीत द्रव्यमान होते. पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात, हे हिंदी पुस्तकातले बिनचूक वाक्य मराठी संदर्भपुस्तक वाचलेल्या मुलास कोड्यात टाकते. अशा वेळी गोंधळ मुलाच्या बुद्धीत असतो असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होय.

हातांची परंपरा

आता लोहमार्गाच्या उत्तरेकडील टोकाकडे वळू. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक अभिनव उपक्रम सुरू झाला. बनखेडीजवळील किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाच्या अनुमतीने तो आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तके या उपक्रमात तयार झाली. त्यांत तयार उत्तरे नसत. प्रयोग कसा करावा हे सांगून पुढे प्रश्न विचारलेले असत. उत्तर मुलांनी चौघांच्या टोळीत प्रयोग करून आणि आपसांत वाद घालून शोधावयाचे. फुलाचे भाग सुटे करण्यासाठी महागड्या सुयांऐवजी बाभळीचे काटे वापरले गेले. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे आणि प्रत्यक्ष प्रयोगासही गुण असत. शिक्षकांची उन्हाळी शिबिरे होत. वर्षभर संगम केंद्रांवर त्यांच्या मासिक बैठका भरत आणि वर्गात आलेल्या अडचणींची तेथे चर्चा होई. मुले 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीस पत्रे लिहून आपल्या शंका विचारीत आणि त्यांना उत्तरे मिळत.

तीस वर्षांत हे कार्य पंधरा जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांपर्यंत आणि एक लाखाच्या आसपास विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. २००२ मध्ये राज्यशासनाने ते बंद केले. देशभरातील अनेक वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी या निर्णयाचा विरोध केला. तथापि निर्णय बदलला नाही. वर्गातून 'बाल वैज्ञानिक' गेले, त्याची परीक्षा गेली आणि मासिक बैठकाही थांबल्या.

कपाटावाचूनचे ग्रंथालय

होशंगाबादेत हा उपक्रम चालू असतानाच जगात ग्रंथालयाची एक नवी कल्पना आकार घेत होती. १९७१ मध्ये मायकेल हार्ट या अमेरिकन विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा विद्यापीठाच्या संगणकावर टंकित करून सर्वांस खुला केला. 'प्रोजेक्ट गटेनबर्ग'चा तो आरंभ होता. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये त्या संस्थेने ती कोणताही मोबदला न घेता जगास देऊन टाकली. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी भौतिकीतील शोधनिबंध संगणकावरून सर्वांना मोफत मिळण्याची सोय केली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली.

मराठीची वाट मात्र अधिक खडतर होती. प्रारंभीच्या मराठी संकेतस्थळांचे टंक परस्परांहून भिन्न असत. वाचकाजवळ तोच टंक नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. शिवाय एका ठिकाणचा शब्द दुसऱ्या ठिकाणी शोधता येत नसे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या सर्व लिप्यांच्या समान संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश होता. तिचा वापर रूढ झाल्यावरच मराठी मजकूर खऱ्या अर्थाने शोधण्याजोगा झाला. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा विश्वकोश हे दोन्ही आंतरजालावर आले. बाळशास्त्रींपासून चालत आलेल्या शब्दपरंपरेस राज्याची सीमा ओलांडण्याचा मार्ग अशा रीतीने प्रथमच मोकळा झाला. बालभारतीची पुस्तकेही आज सावरगावात बसून उतरवून घेता येतात.

नव्या ग्रंथालयांस नव्या व्याधीही जडल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प सुरू झाला आणि देशभरातील लक्षावधी जुनी पुस्तके छायांकित झाली. परंतु पृष्ठांची चित्रे आणि शोधता येणारा मजकूर यांत अंतर असते; शिवाय ग्रंथनावांच्या नोंदींत असंख्य चुका होत्या. पुढे स्वामित्वहक्काचे प्रश्न उपस्थित झाले आणि ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातील पुष्कळ पुस्तके अमेरिकेतील 'इंटरनेट आर्काइव्ह'ने प्रती जतन केल्यामुळे वाचली. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. म्हणून केतकरांचे लेखन आज सर्वांचे आहे. अलीकडच्या पिढ्यांतील विज्ञानलेखकांचे पुष्कळसे लेखन तसे नाही. २०१८ मध्ये खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' देशास अर्पण झाले. त्याआधी २०१७ मध्ये 'दीक्षा' हे शालेय साहित्याचे व्यासपीठ सुरू झाले होते. साधनांची संख्या वाढत आहे. कोणतेही साधन कायमचे आहे असे मात्र गृहीत धरता येत नाही.

दोन परंपरांचा संगम

शब्दांची आणि हातांची परंपरा ज्यांच्या कार्यात एकत्र आली, असे एक नाव आवर्जून घेतले पाहिजे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करीत असताना १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या उपक्रमात आले. तेथील आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीच्या आकृती सांधण्याची युक्ती शोधली. त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही आणि चौकोन लगेच कलंडतो, ही गोष्ट त्या आकृती हाताळताना कोणत्याही मुलाच्या ध्यानात येते. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. स्वतःच्या संकेतस्थळावर त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनणाऱ्या खेळण्यांच्या कृती, चित्रफिती आणि हिंदी, मराठी व इंग्रजीतील हजारो पुस्तके सर्वांसाठी खुली केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

'बाल वैज्ञानिक'ची पुस्तके आज तेथे आणि 'एकलव्य'च्या साहित्यात सापडतात. शासनाने २००२ मध्ये जे वर्गातून काढले, ते आंतरजालाने नष्ट होऊ दिले नाही, ही डिजिटल ग्रंथालयाची मोठी कमाई होय. परंतु त्या पुस्तकांबरोबर काय वाचले नाही, हेही पाहिले पाहिजे. संगम केंद्रावरील मासिक बैठक कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवून घेता येत नाही. चौघांच्या टोळीतील वादही तेथे मिळत नाही आणि प्रयोग फसल्यावर 'पुन्हा करून पाहू' असे म्हणणारे गुरुजीही मिळत नाहीत. बडोद्याच्या ग्रंथपेटीजवळ उभा असलेला तो जबाबदार माणूस येथे पुन्हा आठवतो. त्याच्यावाचून पेटी गावात येते आणि तशीच परत जाते.

आपल्या बागेतला प्रश्न

हे सर्व आपल्या गावास लावून पाहू. सौसर-पांढुर्ण्याचा मुलूख संत्र्याचा आहे. आंबिया बहार आणि मृग बहार हे शब्द येथील मुलास पाठ्यपुस्तकापूर्वी ठाऊक होतात. बहार धरण्यासाठी बागेचे पाणी तोडून झाडास ताण देतात, मग पाणी मिळाले की झाड फुलते, हे त्याने दरवर्षी पाहिलेले असते. झाड तहानलेले ठेवल्यावर ते फुलते का? हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो आणि भारी जमिनीत उशिरा, असे का? हे 'बाल वैज्ञानिक'मध्ये शोभतील असे प्रश्न आहेत. त्यांचा अभ्यास करणारी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था लोहमार्गाच्या दक्षिण टोकास, नागपुरातच आहे. वनस्पतीच्या पोषणाविषयी विश्वकोशात मराठी नोंदी मिळतात. कोलोराडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाचे संगणकीय प्रयोग मराठीतूनही उपलब्ध आहेत आणि ते एकदा उतरवून घेतले की आंतरजालावाचून चालतात.

म्हणजे साहित्य सगळे आहे. ते एकत्र आणून त्या मुलाच्या प्रश्नाशी जोडणारा दुवा मात्र बाहेरून येणार नाही. तो या शाळेनेच निर्माण केला पाहिजे. म्हणून चार सूचना मी नम्रपणे मांडतो. पहिली, शाळेने आपल्या संगणकावर निवडक साहित्याच्या प्रती उतरवून ठेवाव्यात. संकेतस्थळे बंद पडतात हे आपण पाहिलेच आहे. दुसरी, अणू-परमाणू, पेशी-कोशिका यांसारख्या शब्दांची मराठी-हिंदी सूची शिक्षकांनी तयार करून ती वर्गात लावावी. तिसरी, परिसरातील विज्ञानशिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एक तरी प्रयोग स्वतः करून पाहावा. चौथी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्यापैकी कित्येक जण शेती, वैद्यक, अभियांत्रिकी अशा क्षेत्रांत स्थिरावले आहेत. आपण शाळेचे 'सवालीराम' व्हावे. मुलांनी प्रश्न पाठवावेत आणि आपण त्यांच्या भाषेत उत्तरे लिहावीत. ही प्रश्नोत्तरे, पावसाच्या नोंदी, बागेत ताण किती दिवस दिला आणि बहार कधी आला याच्या वह्या शाळेने जपून ठेवल्या, तर काही वर्षांत सावरगावचे स्वतःचे विज्ञानाचे ग्रंथालय उभे राहील. अन्य कोणत्याही ग्रंथालयात नसलेले साहित्य त्यात असेल, आणि आंतरजालावर ठेवल्यास ते इतर गावांच्याही उपयोगी पडेल.

या सूचनांस फार खर्च लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्यासारख्या शिक्षकांचे आयुष्य त्या नियमितपणातच खर्ची पडलेले असते.